चौकाचा धनी कोण?

पुष्कळांची मिळून असलेली वस्तू जोपर्यंत केवळ उपयोगाची असते, तोपर्यंत तिच्या मालकीचा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. गावच्या विहिरीवर सर्वच पाणी भरतात, पाणंदीने सर्वच जातात, आणि मातृभाषेतील शब्द तर प्रत्येकजण कोणाची परवानगी न विचारता वापरतो. परंतु त्याच वस्तूला एकदा बाहेरच्या बाजारात मोल आले, म्हणजे ती कोणाची, तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणास, आणि तिची पुढची वाट कोणी ठरवावयाची, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांतील वारली समाजापुढे त्याच्या चित्रकलेविषयी असाच प्रश्न गेली पन्नास वर्षे उभा आहे. त्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्यावरून आमचे जे मत झाले आहे तेही वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

वारली चित्र म्हटले की शहरातील मनुष्याच्या डोळ्यांपुढे गेरूच्या तांबड्या पृष्ठावर पांढऱ्या रेघांनी काढलेली, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभी केलेली माणसे येतात, आणि तारपा वाजविणाऱ्याभोवती वेटोळे घालून नाचणारी त्यांची माळ येते. परंतु ह्या कलेचे मूळ स्थान लग्नघर हे होय. वारल्याच्या घरी लग्न निघाले म्हणजे कुडाची भिंत शेणामातीने सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक लिहावयाचा, अशी रीत आहे. ‘लिहावयाचा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. वारली लोक चौक काढीत नाहीत, लिहितात. चौकोनाच्या कडा नक्षीने भरावयाच्या आणि मध्ये पालघट देवी, म्हणजे सुफलतेची देवता, उभी करावयाची. शेजारी देवचौकात घोड्यावर बसलेला पाच शिऱ्या देव लिहावयाचा. हे सर्व लिहिण्याचा मान सवाशिणींचा. लग्न लावणारी धवलेरी हीही स्त्रीच, आणि तिच्या गाण्यांवाचून लग्न लागावयाचे नाही. अशा रीतीने एका बाजूस रेघ आणि दुसऱ्या बाजूस गाणे, ही दोन्ही सूत्रे बायकांच्याच हाती होती.

ह्या व्यवस्थेतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. चौकाखाली कोणाचे नाव नसे. चौक विकला जात नसे. तो घराचा होता, आणि घराबाहेर नेण्यासारखे त्यात काही नव्हतेच. आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही की चौक टिकत नसे. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओलावली, सारवण नवे झाले, की तो पुसला जाई, आणि दुसऱ्या लग्नात दुसऱ्या हातांनी तो पुन्हा लिहावा लागे. ह्यामुळे ह्या कलेत बदल होतच नसे असे समजणे चुकीचे ठरेल. ज्याची प्रत जपून ठेवलेली नाही आणि जे प्रत्येक वेळी आठवणीतून उतरवावे लागते, त्यात थोडाथोडा फरक पडल्यावाचून राहत नाही. परंतु तो फरक ज्यांच्या लग्नासाठी चौक लिहावयाचा त्यांच्या देखतच होई. पटलेला फरक पुढच्या भिंतीवर जाई. न पटलेला त्याच भिंतीबरोबर संपे. कलेची वाट ठरविण्याची सभा कोठे वेगळी भरत नव्हती. ती प्रत्येक लग्नघरात आपोआप भरत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

हा समाज स्वतःचे भले-बुरे स्वतः ठरविण्यास असमर्थ आहे, असा समज पूर्वी शहरांत पुष्कळ रूढ होता, आणि तो सर्वस्वी गेला आहे असे आजही म्हणवत नाही. त्या समजास इतिहासाने चांगलेच उत्तर दिलेले आहे. १९४५ सालच्या मे महिन्याच्या २३ तारखेस, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या आणि आता तलासरी तालुक्यात मोडणाऱ्या झरी ह्या गावी वारल्यांची परिषद भरली, आणि सावकार-जमीनदारांची वेठ ह्यापुढे करावयाची नाही, असा निश्चय तेथे झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांनी त्या चळवळीस दिशा दिली हे खरे. परंतु निश्चय पाळला तो पाड्यापाड्यांतील वारल्यांनी, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्यास झालेल्या गोळीबारात प्राण गेले तेही त्यांचेच. के. जे. सावे ह्यांचा वारल्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथही त्याच साली प्रसिद्ध झाला. एकीकडे हा समाज अभ्यासाचा विषय होत होता आणि दुसरीकडे तोच आपल्या श्रमाचा धनी होण्यासाठी उभा राहत होता. श्रमाविषयी जो प्रश्न त्याने तेव्हा विचारला, तोच कलेविषयी विचारण्याची वेळ पुढे पंचवीस-तीस वर्षांनी आली.

ती वेळ आणण्यास एक कलावंतच निमित्त झाला. भास्कर कुलकर्णी हे मूळचे चित्रकार. हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या पुपुल जयकर ह्यांच्या सांगण्यावरून ते १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारातील मिथिलेस गेले, आणि भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तेथील स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला. तोच उपाय त्यांनी पुढे, १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, डहाणूकडे करून पाहिला. मिथिलेत कागद स्त्रियांनी घेतला. डहाणूत मात्र त्यांना गाठ पडली ती गंजाडजवळच्या कलमीपाड्यातील जिव्या सोमा मशे ह्या पुरुषाची. मशे ह्यांचा जन्म १९३४ सालचा, आजच्या तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणीच आई गेल्यावर ह्या मुलाचे बोलणे खुंटले आणि तो मातीत रेघा ओढून आपले मनोगत सांगू लागला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. लग्नाचा मुहूर्त नसताना, सवाशिणीचा मान नसताना, निव्वळ आपल्या मनातले सांगावे म्हणून हा मनुष्य चित्रे काढीत होता. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे परदेशांतून निमंत्रणे आली, आणि २०११ साली पद्मश्री हा बहुमान त्यांस प्राप्त झाला. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले, त्या वेळी त्यांच्या रेघेवर जगणारी कुटुंबे डहाणूच्या पाड्यापाड्यांत होती.

मशे ह्यांनी कलेस बाजारात नेले, असा दोष त्यांस देणे आम्हांस मुळीच न्याय्य वाटत नाही. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्यांची वीण, मुंग्यांच्या रांगा, कापणीची शेते ज्याने पाहिली आहेत, तो असे म्हणणार नाही. तथापि त्यांच्यापाठोपाठ जे घडले ते नीट मांडले पाहिजे. भिंतीचा कागद झाला, म्हणजे चित्र टिकू लागले. टिकू लागले म्हणून ते विकता आले. विकता आले म्हणून त्याखाली नाव आले, आणि ते नाव बहुतेक वेळी पुरुषाचे आले. पुढे स्त्रियाही कागदावर काढू लागल्या, पण लग्नघरातील त्यांचा मान आणि बाजारातील त्यांची गणना ह्यांत जे अंतर पडले ते अद्याप भरून आलेले नाही. ह्या सर्वांपेक्षा खोल असा बदल मात्र निराळाच होता. पूर्वी कोणती रेघ राहावी आणि कोणती जावी हे लग्नघर ठरवी. आता ते गिऱ्हाईक ठरवू लागले. तारप्याचा फेर विकला जातो म्हणून तो शंभर वेळा निघतो. पाच शिऱ्या देव कोणी मागत नाही म्हणून तो काढावयाचा राहतो. सभा मोडली असे कोणी म्हटले नाही. तिची जागा मात्र बदलली, आणि नव्या जागी वारली समाजास आसन उरले नाही.

येथूनच वादास आरंभ होतो. त्यात मुख्यतः चार पक्ष दिसतात, आणि प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

पहिला पक्ष म्हणतो की चौक हे देवाचे ठिकाण आहे. शेती, शिकार, नाच ह्यांची चित्रे खुशाल विका. पण पालघट ही लग्नाच्या भिंतीबाहेर आणू नये. ह्यावर दुसरा पक्ष असे उत्तर देतो की जेथे धवलेरीचे गाणे नाही, जेथे भगताने देवाला बोलाविले नाही, तेथे कागदावर आलेली आकृती पालघट नव्हेच. मग तिचा अवमान कसा व्हावा? ह्या पक्षाचे खरे बळ मात्र ह्या युक्तिवादात नसून पोटात आहे. ज्यांची जमीन चार महिन्यांपलीकडे पुरत नाही, आणि ज्यांस वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या चिकूच्या वाडीत राबण्यास जावे लागते, त्यांस घरी बसून चार पैसे देणारी ही एकच विद्या आहे. वेठ नाकारणाऱ्यांच्या नातवंडांनी आपल्या हातच्या कामाचा दाम मागितला, तर त्यात वावगे काय आहे, असे ते विचारतात, आणि त्यास उत्तर देणे सोपे नाही.

तिसरा पक्ष तरुण चित्रकारांचा. त्यांच्या चित्रांत आगगाडी आली, विमान आले, शहरातील इमारती आल्या. वडील मंडळींपैकी कित्येकांस हे रुचत नाही. परंतु डहाणू रोडच्या स्टेशनावरून मुंबई-सुरतेच्या गाड्या रात्रंदिवस जात असता, शेतात उभ्या असलेल्या माणसाने त्या पाहू नयेत असा निर्बंध कोण घालणार? आणि असे पाहा की पाच शिऱ्या देव ज्या घोड्यावर बसतो तो घोडा तरी वारल्याच्या दारी कधी बांधलेला होता? कोणा राजाच्या, कोणा शिपायाच्या मांडीखाली पाहिलेला घोडा कधीतरी भिंतीवर आला आणि पुढे देवाचा झाला, असेच मानणे सयुक्तिक दिसते. चौथा पक्ष बाहेरच्यांविषयी बोलतो. शाळेतील मुले वारली नक्षी काढतात, शहरांत तिचे वर्ग चालतात, गिरण्यांत ती कापडावर छापली जाते. मुलांच्या हातास कोणी हरकत घेत नाही. हरकत आहे ती ज्या छापील कापडाच्या मोबदल्यातील एक पैसाही डहाणूस पोचत नाही, त्यास.

असा वाद केवळ रानावनातील लोकांतच होतो असे नाही. संगणकाच्या जगात असाच एक प्रसंग नुकताच होऊन गेला, आणि तुलनेस तो उपयोगी पडेल. संकेतस्थळांचे दर्शनी भाग रचण्यासाठी तयार आज्ञावलींचे जे संच असतात त्यांस ते लोक लायब्ररी म्हणतात. फेसबुक कंपनीने रिॲक्ट नावाची अशी एक लायब्ररी २०१३ साली सर्वांस मोफत खुली केली, आणि थोड्याच वर्षांत जगभरचे कारागीर तिच्यावर काम करू लागले. पण तिच्या परवान्यात एक अट होती : जो कोणी पेटंटाच्या बाबतीत फेसबुकावर दावा लावील, त्याचा ह्या लायब्ररीसंबंधीच्या फेसबुकच्या पेटंटांवरील हक्क संपेल. २०१७ च्या जुलैत अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन ह्या संस्थेने अशा अटीची सामग्री आपल्या कामांत घेण्यास मनाई केली. सप्टेंबरात वर्डप्रेसच्या प्रवर्तकानेही ती सोडून देण्याचा विचार जाहीर केला. तेव्हा कंपनीने माघार घेतली, आणि त्याच महिन्यात ती लायब्ररी एमआयटी ह्या साध्या परवान्याखाली पुन्हा खुली झाली.

वापरणाऱ्यांचा जय झाला तो कशाने? कायद्याने नव्हे, धनी तर कंपनीच होती. त्यांचा जय झाला तो ह्यामुळे की त्यांस सोडून जाता येत होते. न पटले तर दुसरा संच घ्यावा, किंवा जुन्या परवान्यांतून मोकळी असलेली प्रत उचलून आपली निराळी शाखा काढावी, अशी मोकळीक त्या व्यवसायात असते, आणि ह्या मोकळिकीच्या धाकानेच धनी वळणावर येतो. वारल्यांच्या चौकाची गोष्ट ह्याच्या उलट आहे. पूर्वी प्रत्येक भिंत हीच एक शाखा होती. परंतु चौक सोडून दुसरीकडे जाण्यास कोणासही जागा नाही, कारण चौकाच्या जागी दुसरे काही मांडून लग्न लागावयाचे नाही. ज्यांस सोडून जाता येत नाही, त्यांच्या हाती निर्णयाचा अधिकार असणे अधिकच अगत्याचे आहे. आणि सध्या तो त्यांच्याच हाती सर्वांत कमी आहे.

कायद्याने ह्या बाबतीत काय केले ते पाहू. १९५७ चा प्रतिमुद्राधिकार कायदा व्यक्तीच्या कृतीस संरक्षण देतो. मशे ह्यांच्या एका चित्राची चोरी त्याने थांबविता येईल. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्रिकोणास आणि वर्तुळास त्याच्या दृष्टीने कर्ताच नाही. १९९९ साली भौगोलिक निर्देशनांचा कायदा झाला आणि २००३ पासून तो अमलात आला. त्याखाली डहाणूकडील आदिवासी युवा सेवा संघाने उद्योग केला, आणि २०१४ साली वारली चित्रकलेस नोंदणी मिळाली. हे काम समाजातील तरुणांनीच केले, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि नोंदणी झाली ती नावाची; रेघेची नव्हे. जो वारली नाही त्याने आपला माल ‘वारली चित्र’ म्हणून विकू नये, एवढे ह्या कायद्याने म्हणता येते. परंतु नाव न घेता त्याने तेच त्रिकोण कापडावर छापले, तर कायदा तेथे बहुधा अपुरा पडतो. शिवाय ह्या कायद्यास एक नोंदणीकृत धनी लागतो आणि त्याच्याखाली अधिकृत वापरकर्ते लागतात. ही नोंद विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, ही त्यातील मोठी चांगली तरतूद. पण ज्या कलेस कधी एक धनी नव्हता, तिला कागदोपत्री तो द्यावा लागला. आणि जी सवाशीण आयुष्यभर चौक लिहीत आली, तिने आपल्या शेजारणीच्या भिंतीपलीकडे काही विकलेले नाही म्हणून वापरकर्त्यांच्या यादीत तिचे नाव घालावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

मग मार्ग काय? आमच्या मते तो मार्ग दुसऱ्याच एका कायद्यात केव्हाचा लिहून ठेवलेला आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि अशा क्षेत्रांसाठी १९९६ साली जो पंचायतींविषयीचा कायदा झाला, ज्यास सर्वत्र पेसा म्हणतात, त्याने आपल्या लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख राखण्यास ग्रामसभा समर्थ आहे, असे स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. आजवर ह्या कलमाचा विचार जंगल, जमीन आणि पाणी ह्यांच्या संबंधात झाला; तो अवश्य व्हावयास पाहिजे होता. परंतु चौक हीदेखील त्या ओळखीचीच गोष्ट आहे. चौकातील काय विकावे आणि काय विकू नये, पालघट कागदावर यावी की न यावी, बाहेरच्या कारखानदाराने नक्षी मागितली तर कोणत्या अटीवर द्यावी, हे प्रश्न पाड्याच्या ग्रामसभेपुढे ठेवावे; आणि तेथे चौक लिहिणाऱ्या बायकांचे व धवलेऱ्यांचे म्हणणे प्रथम ऐकले जावे. नोंदणीचा धनी म्हणून जी संस्था आहे तिने ह्या सभांचे मुखत्यार व्हावे. त्यांच्यावरचे वरिष्ठ होऊ नये.

ह्यावर कोणी म्हणेल की एका पाड्याने एक ठरविले आणि दुसऱ्याने दुसरे, तर गोंधळ होईल. शिवाय वारली समाज डहाणू-तलासरीपुरताच नाही. १९६० साली उंबरगाव तालुक्याची वाटणी होऊन राज्याची सीमा मध्ये आली तरी गुजरातेकडच्या वारल्यांशी सोयरीक तुटलेली नाही. हा आक्षेप आम्हांस भयप्रद वाटत नाही. एका घरचा चौक दुसऱ्या घरच्या चौकासारखा तंतोतंत पूर्वी तरी कोठे होता? गंजाडास पालघट कागदावर आली आणि तलासरीच्या एखाद्या पाड्याने ती भिंतीवरच ठेवली, तर त्यात कलेची हानी नाही. उलट कलेची जी मूळची पद्धत, अनेक भिंतींनी अनेक मार्ग चोखाळावे ही, तीच पुन्हा चालू झाली असे होईल. एकच शाखा, एकच शैली, एकच धनी ही गरज बाजाराची आहे आणि कचेरीची आहे. ती लग्नघराची कधीच नव्हती.

ज्यांनी आपल्या श्रमाविषयीचा निर्णय झरीच्या माळावर स्वतः घेतला, त्यांस आपल्या रेघेविषयीचा निर्णय घेता येणार नाही, असे मानण्यास आम्हांस कोणताच आधार दिसत नाही. चित्र कागदावर राहो, कापडावर जावो, परदेशच्या दालनात टांगले जावो. त्याबद्दल आम्हांस खेद नाही. खेद आहे तो एवढाच की भिंत सारवली गेल्यावर पुन्हा काय लिहावयाचे, हे विचारण्यासाठी आज आपण गिऱ्हाइकाकडे पाहतो आणि कचेरीकडे पाहतो. पिठाची वाटी हातात घेऊन जी भिंतीपुढे उभी आहे, तिच्याकडे एकदा वळून पाहावे, आणि तिला विचारावे.